एका वितीत किती टाके?

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात थंडी पडायला लागली की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्या बहुतेक बायाच. "ताई, आमच्या हातच्या वस्तू घरीदारी सगळे नावाजतात, पण प्रदर्शनात मांडल्या की जातच नाहीत. काय चुकतं आमचं?" याचं उत्तर मला एका संध्याकाळी एका पेन्शनर काकांनी दिलं. तेच आज सांगायचं आहे. त्याआधी थोडं भराभर सांगते.

आपली वस्तू कोणत्या महिन्याची, हे स्टॉलचे पैसे भरण्याआधी बघा. मी गोधड्या शिवते. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना नागपूरकर गोधडीला बोट लावत नाही. डिसेंबरात तीच गोधडी गालाला लावून बघतो. लाकडी बैल विकायचे तर तान्ह्या पोळ्याआधीचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा असतो त्याआधीचे, पंधरा दिवस, नंतर वर्षभर ते घरातच. आणि बैलांवरून आठवलं, ते घ्यायचे तर सुताराकडूनच घ्या, आणि त्याच्याशी घासाघीस करू नका. त्याच बैलाची दोरी धरून आपलं लेकरू दारोदार बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागत फिरतं. बैलाच्या पायाची चाकं नीट बसवायला त्या सुताराचा अख्खा दिवस जातो.

दुसरं, केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून कारागिरांना 'पहचान' ओळखपत्र मिळतं, ते काढून ठेवा. सरकारी मेळ्यांना अर्ज करताना कामी येतं. तिसरं, सुटे पैसे. क्यूआर कोड लावा, जरूर लावा, पण गर्दीत मोबाइलची रेंज जाते तेव्हा दहा-वीसच्या नोटाच भवानी करून देतात.

आता माझी गोष्ट.

सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात क्राफ्ट मेळा भरतो, तो तुम्ही पाहिलाच असेल. वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर येतात, एका बाजूला लोकनृत्यं चालू असतात. तिथली गर्दी बघतच मी स्टॉल लावायला शिकले. पण माझा स्वतःचा पहिला स्टॉल शहरातल्याच एका लहान प्रदर्शनात होता. पाच दिवसांचं प्रदर्शन. बारा गोधड्या घेऊन गेले. सगळ्या जुन्या सुती लुगड्यांच्या, आत तीन थर, वर धावदोरा. किंमत 900 रुपये. छान घड्या घालून एकावर एक रचल्या आणि मी मागे खुर्चीवर बसून राहिले. तीन दिवसांत एक गेली. बाया यायच्या, विचारायच्या, "मशीनची आहे का?" मी म्हणायची, "नाही, हातची." त्या म्हणायच्या, "इतवारीच्या बाजारात 500 ला मिळते." आणि निघून जायच्या. 900 चे 700 केले, तरी तेच.

चौथ्या दिवशी संध्याकाळी एक काका आले. स्वेटर, मफलर, हातात कापडी पिशवी. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, हे मला नंतर कळलं. त्यांनी वरची गोधडी उचलली आणि उलटी केली. उलटी बाजू निरखून पाहिली. मग गोधडीवर वीत ठेवली आणि मला विचारलं, "बाई, एका वितीत टाके किती येतात?"

मला सांगता येईना. वीस वर्षं मी धावदोरा घालते आहे श्रोतेहो, पण टाके कधी मोजले नव्हते.

"मोजून पाहा न," म्हणाले. मी मोजले. तीस. त्यांनी गोधडीच्या लांबीवर वीत फिरवली. आठ विती. म्हणजे एका ओळीत 240 टाके. मग ओळी मोजायला घेतल्या, आडव्या बाजूने, बोट ठेवत ठेवत. हे बघून दोन बाया थांबल्या. मग आणखी चार. एक मुलगा मोठ्याने आकडे म्हणू लागला. ओळी भरल्या 120. काकांनी पिशवीतून बिलाचा कागद काढला, त्याच्या पाठीवर गुणाकार केला. 28,800.

"मिनिटाला किती टाके पडतात तुमचे?" मी म्हटलं, सुई ओवणं, गाठ मारणं धरून पंधरा. त्यांनी भागाकार केला. 1,920 मिनिटं. बत्तीस तास. "आणि सूत, अस्तर, कापड धुणं?" म्हटलं, 250 तरी. "मग 700 काहून लावले? हातात 450 उरले. तासाला चौदा रुपये. तुम्ही नुकसानीत धंदा करून राहिल्या बाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच वेळी समोर पंधरा माणसं उभी होती आणि त्यातल्या प्रत्येकाचा हात गोधडीच्या उलट्या बाजूवर होता.

त्या रात्री घरी पुठ्ठ्यावर लिहिलं: 'या एका गोधडीत 28,800 टाके आहेत. शिवायला 32 तास लागतात.' खाली किंमत, 2,000 रुपये. तासाला 50 रुपये धरले, सामान धरलं, स्टॉलच्या भाड्याचा वाटा धरला. शेवटच्या दिवशी एक गोधडी उलटी टांगली आणि खुर्ची बाजूला सारून उभ्याने शिवत राहिले. 700 ला न गेलेल्या गोधड्यांपैकी सहा त्या दिवशी 2,000 ला गेल्या. काकांनी स्वतः नातवासाठी एक दुपटं घेतलं, सांगितलेल्या किमतीला.

तर पुन्हा सांगते. उलटी बाजू दाखवा. तास मोजा. आणि गिऱ्हाइकासमोर हात चालू ठेवा. आपल्या विदर्भातली करवती साडी घ्या. कोसा रेशमाची, काठाला करवतीसारखे दात. भौगोलिक मानांकन मिळालेली साडी आहे ती. नुसती घडी समोर ठेवली तर लोक किंमत विचारतात. विणकराने काठाचा दात कसा उठतो ते सांगितलं, की लोक साडी हातात घेतात.

आणखी एक बोलून घेते, विषय सोडून असलं तरी. पूर्वी शाळेत मुलींना शिवणकाम असायचं. ते मुलग्यांनाही हवं होतं. ज्याने एकदा सुई बोटात टोचून घेतली आहे, तो गोधडीला 'एवढी महाग?' म्हणत नाही. माझ्या मुलाला मी धावदोरा शिकवला आहे. तुम्हीही शिकवा.

पुढच्या वर्षी त्याच प्रदर्शनात काका परत आले. मी आनंदाने चहा मागवला. त्यांनी पुठ्ठा वाचला, गोधडी उलटी केली, वीत ठेवली आणि मोजू लागले. मग दुसऱ्या जागी मोजलं. तिसऱ्या जागी मोजलं. "सव्वीस," म्हणाले.

मागणी वाढली होती, मी घाईने शिवत होते, टाके लांब पडत होते. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी पेन घेतलं, पुठ्ठ्यावरचे 28,800 खोडले आणि काकांसमोर 24,960 लिहिले. किंमतही उतरवली, 1,750. त्या हिवाळ्यात तो पुठ्ठा तसाच खाडाखोडीचा टांगून ठेवला होता. आता नवीन गोधडी शिवायला घेतली की पहिल्या ओळीनंतर थांबते, वीत ठेवते आणि मोजते. तीस भरले नाहीत तर ओळ उसवते.

नमस्कार.