भाडं भरल्यावर काय उरतं?

(पडद्यावर एका शहराचा नकाशा. मध्यभाग गडद लाल, कडेकडे रंग फिका होत गेलेला.)

घरांच्या किमतींचा असा नकाशा समोर आला की नजर आपोआप फिक्या रंगाकडे जाते. लाल भाग पैसेवाल्यांचा, फिका भाग आपल्यासाठी. घर शोधणारा जवळजवळ प्रत्येक माणूस इथूनच सुरुवात करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण त्याच्या हातात दुसरी माहितीच नसते. नकाशा किंमत सांगतो. ती किंमत कोण भरणार, कशातून भरणार आणि भरल्यावर त्या घरात चूल कशी पेटणार, हे नकाशात कुठेच नसतं.

म्हणून अभ्यासक किमतीशेजारी उत्पन्न ठेवतात. सगळ्यात सोपा हिशेब असा: त्या भागातल्या मधल्या घराची किंमत भागिले मधल्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न. मधलं म्हणजे सगळी घरं स्वस्त ते महाग अशी रांगेत लावली तर बरोबर मध्यावर येणारं. सरासरी इथे चालत नाही. दोन-चार बंगले विकले गेले की सरासरी उडी मारते आणि अख्खा परिसर महागल्यासारखा दिसतो.

दरवर्षी जगातल्या मोठ्या शहरांची अशी तुलना करणारा डेमोग्राफियाचा अहवाल 3 पटींपर्यंतच्या घरांना परवडणारी म्हणतो आणि 5 पटींच्या पुढे गेलेल्यांना अतिशय न परवडणारी. हाँगकाँग या यादीत वर्षानुवर्षं सगळ्यात वर राहिलं. 2021 साली तिथला आकडा 23 पटींवर होता. म्हणजे मधल्या कुटुंबाने एक पैसाही न खाता, न खर्चता साठवायचं ठरवलं तरी 23 वर्षं.

पण असे दोन आकडे शेजारी ठेवताना एक खबरदारी घ्यावीच लागते. ब्रिटनचं सरकारी सांख्यिकी कार्यालयही किंमत आणि कमाई यांचं गुणोत्तर काढतं, मात्र ते एका पूर्णवेळ नोकरदाराची कमाई धरतं. डेमोग्राफिया अख्ख्या कुटुंबाचं उत्पन्न धरतं. घरात दोघं कमावते असतील तर दोन्ही पद्धतींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बातम्यांमध्ये हे आकडे सर्रास एकाच तक्त्यात बसवले जातात आणि त्यावरून कुठलं शहर जास्त वाईट यावर वाद रंगतात. तुलना करण्याआधी भागाकारात खाली काय आहे ते बघा.

दुसरी गोष्ट व्याजाची. किंमत एकच, उत्पन्न एकच, तरी दोन देशांत हप्ता वेगळा. 20 वर्षांच्या मुदतीत दर 1 लाखाच्या कर्जाला 6 टक्क्यांनी महिन्याला सुमारे 716 हप्ता बसतो, 8 टक्क्यांनी 836, 10 टक्क्यांनी 965. घराची एक वीटही न बदलता हप्ता एक तृतीयांशाहून जास्त वाढला. 8 टक्क्यांवर एकूण परतफेड मुद्दलाच्या दुप्पट होते.

आता भाड्याकडे येऊ, कारण जगातल्या मोठ्या शहरांत घराचा प्रश्न सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात भाडेकरूंना टोचतो.

उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त भाडं नको, हा नियम तुम्ही ऐकला असेल. तो एखाद्या शास्त्रीय प्रयोगातून निघालेला नाही. 19व्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बोलायची रीत होती की आठवड्याचा पगार तेवढं महिन्याचं भाडं, म्हणजे साधारण पाव हिस्सा. 1969 मध्ये सिनेटर एडवर्ड ब्रूक यांच्या दुरुस्तीने तिथल्या सरकारी घरांचं भाडं उत्पन्नाच्या 25 टक्क्यांवर रोखलं. 1981 मध्ये सरकारने हात आखडता घेतला आणि मर्यादा 30 टक्के केली. तीच रेघ पुढे जगभर पसरली. अर्थसंकल्प सावरताना ओढलेली रेघ आज कोणाचं घर परवडणारं आणि कोणाचं नाही, हे ठरवते.

आणि हाच टक्का दोन घरांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो.

(एक वही. पेनाने ओढलेले दोन उभे रकाने.)

पहिल्या रकान्यात पाच माणसांचं कुटुंब, महिन्याचं उत्पन्न 30,000. भाडं 9,000, म्हणजे बरोबर 30 टक्के. उरले 21,000. माणशी 4,200. याच्यात वीज, पाणी, गॅस, किराणा, दूध, शाळेची फी, जाण्यायेण्याचा खर्च. दोन ओळी लिहून झाल्या की पेन थांबतं. औषधांची ओळ आधी लिहिलेली असते, मग खोडून पुढच्या महिन्यात ढकलली जाते. एक ताप, एक बुडालेला रोजगार, आणि घरमालकासमोर मुदत मागायची वेळ.

दुसऱ्या रकान्यात दोघंच. उत्पन्न 3,00,000. भाडं 90,000. टक्का तोच, पण हातात 2,10,000. यांनी भाड्यावर निम्मं उत्पन्न उडवलं तरी कुणाच्या पोटाला चिमटा बसणार नाही.

सरकारी तक्त्यात ही दोन्ही कुटुंबं एकाच गटात मोडतात: परवडतं. मला हे मान्य नाही. बर्लिनमध्ये हेरमान श्वाबे यांनी 1868 मध्येच दाखवून दिलं होतं की उत्पन्न जितकं कमी, तितका घरावर जाणारा हिस्सा मोठा. गरिबाला महाग घर घ्यायची हौस असते म्हणून नव्हे. चार भिंती आणि एक छप्पर याच्याखाली जाताच येत नाही म्हणून. टक्का मोजण्यापेक्षा भाडं भरल्यावर काय उरतं ते मोजावं आणि तेवढ्यात त्या कुटुंबाचं भागतं का ते बघावं. ही पद्धत किचकट आहे, कारण प्रत्येक घरात माणसं किती, मुलं किती, आजारी किती हे विचारावं लागतं. पण परवडणं समजून घ्यायचं तर हे विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता पुन्हा त्या फिक्या रंगाकडे जाऊ.

मध्यवस्तीत भाडं 20,000. शहराच्या कडेला तेवढंच घर 12,000 ला. महिन्याला 8,000 वाचले. घरात दोघं नोकरी करणारे. प्रवासाचा खर्च प्रत्येकी 2,500 ने वाढला, म्हणजे 5,000 तिकडे गेले. उरले 3,000. त्याबदल्यात प्रत्येकाचे रोज दोन तास जास्त रस्त्यात. महिन्याचे 25 दिवस धरा. दोघांचे मिळून 100 तास. 100 तासांचे 3,000, म्हणजे तासाला 30.

यात मूल आलं की हिशेब उलटाच होतो. शाळा सुटल्यापासून आई-वडील पोचेपर्यंत कुणीतरी सांभाळायला हवं आणि तो खर्च त्या 3,000 ला सहज गिळतो. स्वस्त घर महाग पडतं ते असं, आणि ते कुठल्याही भाडेकरारात लिहिलेलं नसतं. शिकागोतल्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने 2006 मध्ये घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्र धरणारा निर्देशांक आणला. दोन्ही मिळून उत्पन्नाच्या 45 टक्क्यांच्या आत असेल तर परवडणारं. अशा नजरेने बघितलं की लांबवरचे कितीतरी स्वस्त परिसर यादीतून गळतात आणि स्टेशनाजवळचे काही महाग वाटणारे परिसर यादीत येतात. वेळ मात्र याही निर्देशांकात पुरता उतरत नाही.

मग दोन परिसरांत एवढा फरक पडतो कशाने? वीट, सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडीफार बदलते, दहापट नाही. दहापट बदलते ती जमीन. 1826 मध्ये फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने शेतजमिनीबद्दल हे मांडलं: बाजार जितका जवळ, तितका जमिनीचा खंड जास्त. 1964 मध्ये विल्यम अलोन्सो यांनी तेच गणित शहराला लावलं. बाजाराच्या जागी नोकऱ्या आल्या. जमिनीला येणारी किंमत ही तिथून कुठे पोचता येतं याची किंमत आहे. आणि ते पोचणं बरंचसं सार्वजनिक पैशातून घडतं. सगळ्यांच्या करातून रेल्वेचं स्टेशन उभं राहतं, शेजारच्या जमिनीचा भाव वधारतो, तो वाढीव भाव मालकाच्या खिशात जातो आणि भाडेकरूला पुढच्या करारात वाढीव भाडं येतं. स्टेशनासाठी कर त्यानेही भरलेला असतो.

या एका साखळीचं काय करायचं, यावर शहरांचे रस्ते वेगळे झाले.

(व्हिएन्ना. कमानींची लांबलचक लालसर इमारत.)

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात घरांची भीषण टंचाई होती. 1923 मध्ये शहराने घरांवर खास कर बसवला, घर जितकं आलिशान तितका दर चढा. त्या पैशातून 1934 पर्यंत 60,000 हून जास्त घरं बांधली गेली. ही इमारत त्यातलीच, कार्ल मार्क्स होफ, 1930 मध्ये पुरी झालेली. लांबी एक किलोमीटरहून जास्त, घरं 1,382. कमानीखालून आत गेलं की मोठं अंगण लागतं. सामाईक धुलाईघरं, बालवाडी, वाचनालय, स्नानगृहं, हे सगळं मूळ आराखड्यातच होतं. आज व्हिएन्नाचे साधारण निम्मे लोक पालिकेच्या किंवा मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांच्या घरांत राहतात. एवढी घरं बाजाराबाहेर असली की बाजारातल्या घरमालकालाही भाडं सांगताना विचार करावा लागतो. अर्थात पालिकेच्या घरासाठी अर्ज करायला शहरात दोन वर्षं राहिल्याची अट आहे. काल आलेल्या परक्याला ती दोन वर्षं बाजारातच काढावी लागतात.

सिंगापूरने 1960 मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन केलं, 1966 च्या कायद्याने जमिनी ताब्यात घेतल्या आणि 1968 पासून लोकांना भविष्य निर्वाह निधीतून घर घेऊ दिलं. आज दहापैकी जवळजवळ आठ रहिवासी मंडळाच्या घरांत राहतात. घर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, जमीन सरकारची. तिथेही दार सगळ्यांना सारखं उघडत नाही: अविवाहित नागरिकाला एकट्याच्या नावावर असं घर घ्यायला साधारणपणे 35 वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागतं.

टोकियोने वेगळंच केलं. तिथे कुठे काय बांधता येईल याचे नियम देशपातळीवर ठरतात, त्यामुळे एखाद्या गल्लीने ठरवून नवी इमारत अडवणं अवघड जातं. घरं लहान, पण बांधकाम सतत चालू. लोकसंख्या वाढत असतानाही तिथली भाडी कित्येक वर्षं लंडन किंवा न्यूयॉर्कसारखी उसळली नाहीत. अलीकडे मात्र नव्या फ्लॅटच्या किमती तिथेही चढल्या आहेत. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडने 2016 मध्ये शहरातल्या सुमारे तीन चतुर्थांश निवासी जमिनीवर जास्त दाट बांधकामाला मुभा दिली आणि बांधकाम परवाने झपाट्याने वाढले.

हाँगकाँगमध्ये सरकार जवळपास सगळ्या जमिनीचं मालक आहे. म्हणजे सिंगापूरसारखंच. पण तिथे जमिनीच्या लिलावातून तिजोरी भरते, आणि तिजोरी भरायची तर भाव चढा राहिलेला बरा. त्याची किंमत कुठे दिसते, ते बघायचं असेल तर जुन्या इमारतीतला एक फ्लॅट बघा. आत पातळ भिंती घालून त्याच्या चार-पाच खोल्या केलेल्या. दार उघडलं की पलंगाची कड पायाला लागते. शेगडी आणि संडास यांच्यात एक पडदा. वरच्या बर्थवर मूल अभ्यास करतं, कारण खाली बसायला जागा नाही. अशा खोल्यांत दोन लाखांहून जास्त लोक राहतात. 2021 च्या जनगणनेत तिथे माणशी जागा भरली जेमतेम 6 चौरस मीटर. आणि चौरस फुटामागे भाडं काढलं तर ते अनेकदा धडधाकट फ्लॅटपेक्षा जास्त निघतं.

आता इथे तुलनेचा सगळ्यात मोठा धोका लपलेला आहे. या खोलीचं एकूण भाडं कमी असतं. नुसता टक्का बघितला तर ही खोली कदाचित परवडणाऱ्यांत जाईल. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 1991 मध्ये पुरेशा घराच्या कसोट्या सांगितल्या, त्यांत परवडणं ही सातांपैकी एक आहे. राहण्याचा हक्क सुरक्षित असणं, पाणी-संडासाची सोय, राहण्याजोगं असणं, कामाजवळची जागा, याही त्यात आहेत. तीन कुटुंबांनी मिळून एक घर भाड्याने घेतलं, तिशीतला मुलगा आई-वडिलांच्या हॉलमध्ये झोपतो, नातं तुटलं तरी दोघं एकाच घरात राहतात कारण दुसरं घर घेता येत नाही. या प्रत्येक घरात भाड्याचा टक्का सुरेख दिसतो.

त्याहून खोल लपलेली माणसं म्हणजे निघून गेलेली. एखादा परिसर महागला की आधी कमी कमाईचे लोक उठतात. त्यांच्या जागी जास्त कमाईचे येतात. परिसराचं मधलं उत्पन्न वाढतं, आणि गुणोत्तर काढलं तर तोच परिसर आधीपेक्षा जास्त परवडणारा दिसू लागतो. ज्यांना परवडलं नाही ते हिशेबातच नाहीत.

त्यांना हिशेबात परत आणायचा एक मार्ग इंग्लंड आणि वेल्सच्या आकडेवारीत सापडतो. तिथे प्रत्येक भागासाठी दोन गुणोत्तरं निघतात. एक तिथे राहणाऱ्यांच्या कमाईवर, दुसरं तिथे काम करणाऱ्यांच्या कमाईवर. दुसऱ्यात त्या परिसरातल्या इस्पितळात रात्रपाळी करणारी परिचारिका येते, शाळेतला शिक्षक येतो, रस्ते झाडणारा येतो, मग ते झोपायला कितीही लांब जात असोत. काम करणाऱ्यांच्या कमाईवर मोजलं तर इंग्लंडमधलं घर 1997 मध्ये वार्षिक कमाईच्या साडेतीन पटींच्या आसपास होतं. 2021 मध्ये ते नऊ पटींच्या वर गेलं. आपल्या भागाचे आकडे कुणी समोर ठेवले तर त्यांना हेच विचारा: भागाकारात खाली कोणाची कमाई घेतली आहे, इथे राहणाऱ्याची की इथे राबणाऱ्याची?