तारेची सळई होताना

(सोलापुरातले तरुण कारखानदार आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. ही सळई पुढच्या रांगेपासून मागे फिरवा. हातात घेऊन नीट बघा, मग पुढे द्या. फूटभर लांब, ३ मिलिमीटर जाड, एक टोक ठोकून चपटं केलेलं आणि त्यात भोक. ज्यांच्या घरात माग होता त्यांनी ओळखली असेल. ही लिंगो. जुन्या जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणायच्या यंत्राच्या, मागावर नक्षीच्या प्रत्येक दोरीला खाली अशी एक सळई लोंबायची. हुक दोरी वर ओढतो तसा उभा धागा वर जातो. त्याला परत खाली आणायचं काम मात्र या सळईच्या वजनाचं. आता नव्या जेकार्डवर तिच्या जागी स्प्रिंग असते. पण सोलापुरी चादरीवरची फुलं कित्येक वर्षं या लोखंडी काडीच्या भरवशावर उमटली, आणि मी तार कापायला शिकलो तो हिच्यापासून.

साखर पेठेत आमची दहा बाय बाराची खोली होती. वडील तारेचं भेंडोळं विकत आणायचे आणि त्याच्या लिंगो करून द्यायचे. मशीन नव्हतं. एक सागवानी फळी होती. तिच्यावर सात जाड खिळे ठोकलेले, एक डावीकडे, एक उजवीकडे, असे नागमोडी. तार त्या खिळ्यांमधून ओवायची, टोक सांडशीत धरायचं आणि मागे मागे चालत ओढायचं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. मला वाटायचं, आपण जोरात ओढतो म्हणून तार सरळ होते. एक दिवस वडिलांनी तार फळीतून काढली, एक टोक खुंटीला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ओढ, लागेल तेवढी ओढ." मी अंगातलं सगळं बळ लावलं. सोडली, तर तार पुन्हा गोल. मग तीच तार फळीतून ओढली आणि सरळ बाहेर आली.

आजचं माझं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे. आपल्या ताकदीनं ओढून तार सरळ होत नाही. ती सरळ होते मोजून, उलटसुलट वाकवल्यानं. कापणं त्यानंतर येतं. आपल्याकडे लोक ब्लेडवर खर्च करतात, लांबी मोजायच्या एन्कोडरवर करतात, आणि सरळ करायच्या रोलरांकडे वर्षभर कुणी फिरकत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक माल तिथेच बिघडतो.

तारेला वळण लागतं कसं, ते आधी बघू. स्टील थोडं वाकवलं तर परत येतं. एका हद्दीपलीकडे वाकवलं तर तसंच राहतं. साध्या मऊ स्टीलसाठी ही हद्द किती असेल? तारेच्या बाहेरच्या कडेला मूळ लांबीच्या साधारण ०.१२५ टक्के ताण बसला की संपली. आता हिशोब करा. तारेची जाडी भागिले वेढ्याचा व्यास, एवढा ताण त्या कडेला बसतो. ४ मिलिमीटरची तार ६०० मिलिमीटरच्या ड्रमवर गुंडाळली, तर ०.६७ टक्के. हद्दीच्या पाचपट! उलटं गणित केलं तर आणखी आश्चर्य वाटेल. ही तार कायमचं वळण न लागता गुंडाळायची असेल तर ३.२ मीटर व्यासाचं चाक लागेल. एवढं चाक कोण ठेवणार? म्हणजे भेंडोळ्यातून येणारी प्रत्येक तार वळण घेऊनच तुमच्या दारात येते. तो तार बनवणाऱ्याचा दोष नाही, आणि ते वळण काढणं हेच आपलं काम.

रोलरची मांडणी बघताना एक चूक सगळीकडे दिसते. पाच किंवा सात रोलर असतात, एक खाली, एक वर. पोरं सगळे रोलर सारखे दाबतात. तसं करायचं नसतं. पहिल्या दोन-तीन रोलरांनी तारेला चांगलं खोल वाकवायचं. तारेला आतून कुठल्या बाजूचं वळण आहे हे तिला विसरायला लावायचं, असं समजा. मग पुढच्या रोलरांचा दाब कमी कमी करत जायचं. शेवटच्या रोलरनं तारेला नुसता हात लावावा. शेवटी जास्त दाबलंत, तर तुम्ही स्वतःच तिला नवं वळण देऊन बाहेर सोडता. आणि रोलरचा एकच संच पुरत नाही. एक संच उभा, दुसरा आडवा लागतो, कारण भेंडोळ्यातल्या तारेला दोन दिशांचं वळण असतं. खात्री करायची असेल तर एक वेढा कापून फरशीवर मोकळा सोडा. तो केवढं वर्तुळ करतो ते बघा, आणि एक टोक जमिनीपासून किती उचललं जातं तेही बघा. वर्तुळ पहिल्या संचाचं काम सांगतं, उचललेलं टोक दुसऱ्याचं. दोन मिनिटांचं काम आहे. नवं भेंडोळं लावलं की दरवेळी करा.

दुसरी पद्धत फिरत्या रोटरची. त्यात तार सरळ जाते आणि तिच्याभोवती जबडे गरगर फिरतात. मधले जबडे मध्यरेषेपासून बाजूला सरकवलेले, शेवटचा मध्यावर. त्यामुळे तार प्रत्येक दिशेला वाकून बाहेर पडते, आणि रोलरपेक्षा सरळ निघते. पण अंगावर गोल गोल फिरत गेलेली बारीक रेघ राहते. चमक हवी असलेल्या मालाला ही रेघ चालत नाही. वेल्डिंग रॉडच्या आतल्या सळईला चालते, कारण वर लेप बसणार असतो. मात्र त्या सळईचा सरळपणा अतिशय महत्त्वाचा. लेपाच्या प्रेसमध्ये सळई वाकडी गेली की लेप एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ बसतो. मग वेल्डर बिचारा म्हणतो की रॉड एकाच बाजूनं जळतो. त्याला कुठे माहीत की चूक कोसभर दूर कुणाच्या तरी रोटरमध्ये झाली!

आता लांबी. इथे सोलापूरच्या उन्हाची गंमत आहे. एप्रिल-मे मध्ये शेडमध्ये ४३-४४ अंश असतं, तेव्हा माणसं म्हणतात, उन्हानं लांबी बदलली. १ मीटर स्टील २० अंशांनी तापलं तर जेमतेम पाव मिलिमीटर वाढतं. शिवाय तुमची स्टीलची पट्टीही तेवढीच वाढते. दोघं बरोबरीनं वाढले तर माप चुकत नाही. चुकतं ते वेगळ्या कारणानं. रोटरमधून निघालेली तार घर्षणानं हवेपेक्षा बरीच गरम असते, आणि पट्टी नसते. १ मीटरचा तुकडा पट्टीपेक्षा ४० अंशांनी गरम असताना मोजला, तर थंड झाल्यावर तो जवळजवळ अर्धा मिलिमीटर आखूड भरतो. म्हणून तुकडा हाताला कोमट लागत असेल तर मोजायची घाई करू नका. बाजूला ठेवा, चहा प्या, मग मोजा.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटत असेल तर बांधकामावरचं सूत्र आठवा. इथल्या प्रत्येक फिटरला ते पाठ आहे. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. ४ मिलिमीटरची तार मीटरला ९९ ग्रॅम भरते. १ टन तार म्हणजे १० किलोमीटरहून जास्त, इथून निघाली तर शहराबाहेर जाईल. तिच्या ४५० मिलिमीटरच्या सळ्या केल्या तर साधारण २२,५०० होतात. प्रत्येक सळई १ मिलिमीटर लांब कापलीत तर टनामागे ५० सळ्या गिऱ्हाइकाला फुकट गेल्या.

पण याच सूत्रात एक आणखी मोठी गोष्ट दडलेली आहे, आणि लहानपणी लिंगोमुळे ती मला कळली. जाडीचा वर्ग होतो. ३ मिलिमीटरची, ३०० लांबीची लिंगो १७ ग्रॅमच्या आसपास भरते. जाडी नुसती एक दशांश मिलिमीटर वाढली तर वजन जवळजवळ सात टक्क्यांनी वाढतं. लांबीत तेवढी चूक करायची तर २० मिलिमीटर चुकावं लागेल, आणि तेवढं तर कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसेल! म्हणून वडील आधी तार मायक्रोमीटरनं तीन ठिकाणी मोजायचे, प्रत्येक ठिकाणी दोनदा, आडवी आणि उभी. डाय म्हणजे तार ज्याच्या भोकातून ओढून बारीक करतात तो साचा. ती झिजली की तार जाड होते, आणि ती एकदम नाही, हळूहळू. ५.५ मिलिमीटरचा रॉड कार्बाइडच्या डायांमधून ओढत ३ वर आणला की १ मीटरचे सव्वातीन मीटरहून जास्त होतात. एवढी लांबी त्या शेवटच्या डायच्या पोटावर घासत जाते. ती झिजणारच.

कापण्यावर थोडं बोलतो. ब्लेड तारेला पूर्ण कापत नाही. आधी ती धातूत रुतते, मग उरलेला भाग तुटतो. कापलेलं टोक भिंगाखाली धरा. एक चकचकीत पट्टा दिसेल आणि एक खरबरीत भाग. चकचकीत पट्टा वेडावाकडा झाला, किंवा टोकाला नाकासारखी कोर आली, तर ब्लेड बोथट तरी झाली आहे, नाहीतर दोन ब्लेडांमधली फट चुकली आहे. अंगठा टोकावरून फिरवून बघायची सवय असते, तिच्यावर माझा विश्वास आहे, पण हळू फिरवा. जुन्या मशीनमध्ये तार हव्या त्या लांबीवर लावलेल्या स्टॉपला धडकते, तेव्हा ब्लेड पडते. त्या क्षणी मागून रोलर तार ढकलतच असतात. ब्लेड क्षणभर जरी उशिरा पडली, तरी सळईच्या टोकाकडे पोटात बाक येतो. वेग वाढवला की हा बाक वाढतो. म्हणून टोक वाकलं की आधी वेग कमी करून बघा, मग स्पॅनर हातात घ्या.

माझी मोठी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला १२ मिलिमीटरच्या सळ्या दिल्या. फरशीवर अगदी सरळ होत्या, मी स्वतः तपासल्या होत्या. त्यांनी एका बाजूनं मिलिंग करून, म्हणजे धातू छिलून, चपटी धार केली आणि प्रत्येक सळई धनुष्यासारखी वाकली. सगळा माल परत. आधी मला वाटलं, त्यांच्या शिकंज्यात दोष असेल. दोन दिवस मी त्यांच्यावर रागावलेला होतो. मग एक सळई करवतीनं मधोमध उभी चिरली. अर्ध्यापर्यंत चिरल्यावर दोन्ही फाका चिमट्यासारख्या बाहेर उघडल्या. तेव्हा लक्षात आलं. मी पहिल्या रोलरला पुरेसं खोल दाबलंच नव्हतं. मधल्या-शेवटच्या रोलरांनी कसंबसं वळण झाकलं होतं. सळई बाहेरून सरळ, पण आत एक बाजू ताणलेली आणि दुसरी दबलेली. दोन्ही बाजू एकमेकींना रोखून धरून होत्या. मिलिंगनं एक बाजू काढली आणि दुसरी मोकळी सुटली. ज्या सळईवर पुढे काम होणार आहे, तिचा एक तुकडा दर भेंडोळ्याला चिरून बघा. गिऱ्हाइकाला आधी विचारा, याचं तुम्ही पुढे काय करणार? मी तेव्हा हे विचारलं नव्हतं.

अजून एक गोष्ट सांगायचीच आहे. भेंडोळं संपताना शेवटचे पाच-सहा वेढे मोकळे सुटतात. शेपटी फटकन उडते. माझ्या ओळखीच्या एका कारागिराचा उजवा डोळा त्या शेपटीनं गेला. दिवाळीच्या आधी ऑर्डर होती, चष्मा टेबलावर ठेवलेला होता. शेवटचे वेढे राहिले की मशीन हळू करा, भेंडोळं ठेवायच्या चकरीभोवती जाळी असू द्या, आणि मालक म्हणून तुम्ही स्वतः चष्मा लावल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकू नका. मालक घालतो ते पोरं घालतात.

आता थोडं प्रत्यक्ष करू. टेबलावर ही शहाबादी फरशी आणली आहे, घासून सपाट केलेली. सरळ सळई तिच्यावरून एकसारखी सुर्र करत जाते. वाकडी सळई फेरा पूर्ण करताना एकदा टक वाजते, कारण तिचं पोट उचलून परत फरशीवर आपटतं. दिव्यासमोर धरलं तर पोटाखालून उजेडही दिसतो, पण कानाला आधी कळतं. वडील पाठ करून बसायचे आणि मी एकेक सळई लोळवायचो. ते नुसते म्हणायचे, "ही बाजूला ठेव."

इथे बारा सळ्या आहेत, त्यातल्या तीन वाकड्या आहेत. पंखे बंद करा. मागची मुलं पुढे या, आणि फरशीकडे पाठ करून उभी राहा. मी एकेक लोळवतो.