काळ्या पाषाणाचा राम आणि छापील गोरेपणा

पंचवटीतल्या काळाराम मंदिरात राम, सीता आणि लक्ष्मण यांच्या मूर्ती काळ्या पाषाणाच्या आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या नाशिककरांनी त्यांच्यापुढे हात जोडताना त्या रंगात काही उणे मानलेले नाही. तरीही याच शहरात मुलीचे स्थळ पाहताना तिचा वर्ण विचारला जातो आणि चेहरा उजळण्याचे आश्वासन देणारी क्रीम खपतात. सौंदर्याची ही दुसरी कल्पना घरोघरी पोहोचवण्यात छापील चित्रांचा वाटा फार मोठा आहे.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना सुरू केला. त्यातून निघालेल्या गौरवर्णी, भरजरी वस्त्रांतल्या लक्ष्मी आणि सरस्वती सामान्य माणसाच्या भिंतीवर आल्या, ही मोठीच गोष्ट होती. पण साबण विकणाऱ्या कंपन्यांनी तीच चित्रे आपल्या कॅलेंडरांवर छापली, तेव्हा पूजेचा चेहरा आणि जाहिरातीचा चेहरा एक झाला.

त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके मुद्रणाच्या व्यवसायातूनच चित्रपटाकडे वळले. त्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. पडद्यावरचे स्त्रीसौंदर्य वेश, रंगभूषा आणि उभे राहण्याची ढब यांतून घडवता येते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

बंगळूरच्या कलावंत पुष्पमाला एन. यांनी नेमकी हीच घडण उघड केली. छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात केलेल्या छायाचित्रमालिकेत त्या स्वतः रविवर्मा छापाची लक्ष्मी होऊन उभ्या राहतात. रंगवलेला पडदा, कृत्रिम कमळ, दागिने, सारे काही जागच्या जागी असते, आणि ते मांडलेले आहे हे लपवलेले नसते. वसाहतकाळात माणसांची शरीरे मोजण्यासाठी मागे चौकटींचा पडदा लावीत. त्याच धर्तीच्या पडद्यापुढेही त्या उभ्या राहतात. देवीचे चित्र आणि मोजमापाचे छायाचित्र शेजारी आले, की स्त्रीने कसे दिसावे हे ठरवणारी नजर दोन्हींकडे आहे हे कळते. ‘ही लक्ष्मीसारखी दिसत नाही’ असे मनात आले, की लक्ष्मी कशी दिसते हे आपल्याला कोणी शिकवले, याचा शोध प्रेक्षकाला स्वतःमध्येच घ्यावा लागतो.

ही मालिका नाशिकच्या कलाविद्यार्थ्यांना आणि लग्नाच्या फोटोंत वधूचा रंग संगणकावर उजळवून देणाऱ्या छायाचित्रकारांना आवर्जून दाखवली पाहिजे.