पहिल्या आठवड्यात गोल बघू नका

(इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगचा नवा मोसम सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, १३ ऑगस्ट २०२५ रोजी, दिलेल्या भाषणाचं संपादित रूप.)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘फँटसी प्रीमियर लीग : पहिल्या आठवड्यात कोणाकडे लक्ष ठेवाल?’ मला चाळीस मिनिटं दिली आहेत. म्हणजे खेळाडूंची नावं मी शेवटच्या पाच मिनिटांत सांगणार, हे जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहे. ज्यांना फक्त नावंच हवीत त्यांनी तोवर चहा घेऊन यायला हरकत नाही. (हशा)

नियम सांगत बसत नाही. शंभर मिलियन पौंडांचं बजेट, त्यात पंधरा खेळाडू, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन. हे ज्याला माहीत नाही तो इथे बहुधा कोणाला तरी सोबत म्हणून आलाय. त्याच्यापुरतं सांगतो : इंग्लंडात खरे सामने होतात आणि आपण निवडलेल्या माणसांनी तिथे जे दिवे लावले त्याचे गुण आपल्याला मिळतात. पैसे भरायचे नाहीत, मिळायचेही नाहीत. हे २००२ पासून चालू आहे, आता एक कोटीहून जास्त संघ असतात, आणि प्रत्येक संघाचा मालक मनातून स्वतःला प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला समजतो.

माझं म्हणणं एकच आहे. पहिल्या आठवड्यात कोणी गोल केले ते बघू नका. कोण किती मिनिटं मैदानावर होता, कुठे उभा होता आणि पेनल्टी आली तर चेंडू कोणी उचलला, हे बघा. आता तुम्ही म्हणाल, गुण तर गोलचे मिळतात. मिळतात ना. पण ते खात्यात जमा झाले की संपले. पुढे अजून सदतीस आठवडे काढायचे असतात.

हॅरी केनचं उदाहरण घ्या. हा माणूस टॉटनहॅमकडून खेळताना श्रावण पाळायचा. बाकी वर्षभर गोलांची रास, ऑगस्टमध्ये कडकडीत उपास. २०१५-१६ आणि २०१६-१७ अशी लागोपाठ दोन वर्षं लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचे. ऑगस्ट २०१८ उजाडेपर्यंत लीगमधल्या गोलांची शंभरी कधीच ओलांडलेली, आणि त्यात ऑगस्टमधला एकही नाही! फटके मारायचा, बरं का. नुसते मारायचा नाही, धो धो मारायचा. गोलकीपर अडवायचा, बाहेर जायचा, कोणाच्या तरी पायाला लागायचा. आणि दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात शहाणी माणसं लिहायची : केन संपला, केन थकला, केनला विश्रांती द्या. सप्टेंबर लागला की तोच केन, तोच पाय, आणि गोल सुरू. शेवटी हा उपास सुटला १८ ऑगस्ट २०१८ ला, फुलहॅमविरुद्ध. मी पंचांग काढून बघितलं, तर त्या दिवशी नेमका श्रावणी शनिवार. (हशा) म्हणजे आमच्या श्रावणाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हेही सिद्ध झालं.

आमच्या मिनी-लीगमध्ये, म्हणजे ओळखीच्यांच्या छोट्या स्पर्धेत, एक डॉक्टर आहेत. नाव घेत नाही, दुसऱ्या रांगेत बसलेत आणि आत्ता मोबाइलकडे बघतायत. डॉक्टर दरवर्षी केनला घ्यायचे. पहिला सामना कोरडा गेला की रविवारी रात्री ग्रुपवर मेसेज यायचा : ‘केन आउट.’ सप्टेंबरात त्याला पुन्हा आत घ्यायचे आणि त्या जादा बदलाचा दंड म्हणून चार गुण मोजायचे. पेशंटला एका दिवसात गुण आला नाही तर औषध बदलू नका, असं सांगणारा हा माणूस! पण त्यांचं खरं प्रकरण २०१९ चं, पुक्कीचं. टीमू पुक्की, नॉर्विचचा फिनलंडचा स्ट्रायकर, किमतीला एकदम स्वस्त. पहिल्याच सामन्यात लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर गोल, दुसऱ्यात न्यूकॅसलविरुद्ध हॅट्ट्रिक, तिसऱ्यात चेल्सीविरुद्ध गोल. भाव रोज चढायला लागला. आमच्या ग्रुपवर जणू लग्न निघालं होतं. ‘पुक्की घेतला का?’ ‘अजून नाही?’ ‘अहो, काय करताय!’ पुढे मँचेस्टर सिटीविरुद्ध आणखी एक झाला. पहिल्या पाच सामन्यांत सहा गोल. उरलेल्या अख्ख्या मोसमात किती? पाच. नॉर्विच तळाला जाऊन खालच्या लीगमध्ये गेला, आणि डॉक्टरांच्या संघात पुक्की नाताळापर्यंत होता, कारण त्याला विकलं तर चढलेल्या भावातला निम्मा नफा बुडेल ही काळजी. नफा कसला? खेळातल्या पैशांचा!

इथे कोणीतरी मिचूचं नाव काढणार. (‘मिचू!’ असा मागून आवाज.) काढलंच. १८ ऑगस्ट २०१२, क्वीन्स पार्क रेंजर्सच्या मैदानावर स्वान्सी पाच-शून्य, मिचूचे दोन. रायो वायेकानोकडून दोन मिलियन पौंडांत आणलेला माणूस, ज्याचं नाव शुक्रवारपर्यंत कोणी ऐकलं नव्हतं. मोसमाअखेर लीगमध्ये अठरा गोल. मग माझं म्हणणं खोटं पडलं का? अजिबात नाही. मिचूचे ते दोन गोल विसरा आणि तो उभा कुठे होता ते आठवा. खेळाच्या यादीत तो मिडफिल्डर होता, म्हणजे एका गोलला पाच गुण, स्ट्रायकरला मिळतात ते चार. आणि मैदानावर प्रशिक्षक लाउड्रपने त्याला ठेवला होता गोलच्या तोंडाशी. तिथे उभं राहायला मिळालं असतं आणि त्या दिवशी एकही गोल झाला नसता, तरी मी त्याला घ्या असंच म्हटलं असतं.

सलाहचं तेच. २०१७ मध्ये रोमाहून लिव्हरपूलला आला. यादीत मिडफिल्डर, किंमत नऊ मिलियन. पहिला सामना वॉटफर्डला, तीन-तीन. त्याचा गोल आठवतोय? फिर्मिनोने चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून उचलला आणि हे साहेब गोलरेषेच्या पुढ्यात हजर, नुसता पाय लावायचं काम. बघणारे म्हणाले, सोपा गोल होता. अहो, सोपा होता हीच तर बातमी! विंगवर खेळणारा माणूस तिथे पोचतोच कसा, हा प्रश्न ज्यांना पडला त्यांनी त्याला घेतला आणि वर्षअखेर ३०३ गुण मोजले. लीगमध्ये ३२ गोल केले त्याने त्या वर्षी.

कोल्हापूरचे कोणी आहेत का इथे? आहेत, हात वर आलाय. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी सामना ज्याने पायरीवर बसून पाहिलाय, त्याला हे मी शिकवायची गरज नाही. तिथे शेजारी बसलेला म्हातारा, पोराने गोल मारला तरी तोंड वाकडं करून म्हणतो, ‘मारलाय खरं, पर जाग्यावर न्हाई पोरगं.’ आमच्या ग्रुपवरच्या सगळ्या एक्सेल शीट त्या एका वाक्यावरून ओवाळून टाकाव्यात. कोल्हापूरवर वेगळं भाषण देईन, बोलवा कधीतरी.

एक तक्रार मात्र नोंदवून घ्या. आपला संघ ठरवायची डेडलाइन पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी, आणि क्लबांचे संघ जाहीर होतात सव्वा तास आधी. मध्ये पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं ज्याने ठरवली त्याला एकदा भेटायचंय मला. आपल्याकडे शुक्रवारी रात्री अकराला डेडलाइन, साडेबाराला सामना. तोवर तारीख बदललेली असते, दहीहंडीचा दिवस लागलेला असतो, आणि घरच्यांनी सकाळी झेंडावंदनाला गेल्यापासूनच ‘आज लवकर झोपायचं’ असं बजावलेलं असतं. सव्वाअकराला कळतं की आपला कॅप्टन, ज्याचे गुण दुप्पट मोजतात तोच, बेंचवर आहे. मग झोपा!

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘पाच मिनिटं. नावं.’ ठीक.

शुक्रवार, लिव्हरपूल-बोर्नमथ. लिव्हरपूलचा फॉरवर्ड दियोगो जोटा याच्या निधनानंतरचा लीगमधला हा पहिला सामना, तोही अ‍ॅनफिल्डवर. त्या रात्री खेळाडूंची मनं कुठे असतील, याचं गणित मांडू नये. त्यात लिव्हरपूलचा विर्ट्झ कुठे खेळतो ते बघा, दहा नंबरच्या जागेवर, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे मधोमध, की डाव्या कडेला. साडेआठला महाग नाही, पण शुक्रवारी पाहून मग ठरवा.

शनिवारी संध्याकाळी पाच, व्हिला-न्यूकॅसल. न्यूकॅसलचा इसाक एकटा वेगळा सराव करतोय, त्याच्यावर साडेदहा अडकवू नका. आणि व्हिलाचा मार्टिनेझ ज्यांनी गोलमध्ये ठेवलाय त्यांनी आज रात्री काढा : मागच्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी लाल कार्ड मिळालंय, तो खेळणार नाही. तीन चेहरे पडलेले दिसतायत मला. (हशा)

शनिवारी रात्री दहा, वुल्व्ह्ज-सिटी. सिटीचा हालांड चौदाचा, सलाह साडेचौदाचा. दोघे घेतले तर शंभरातले साडेअठ्ठावीस गेले, उरलेल्या तेरांना साडेएकाहत्तर. जमतं. वुल्व्ह्जचा कुन्या मँचेस्टर युनायटेडला गेला आणि आइत-नूरी तर सिटीनेच उचलला.

रविवारी चेल्सी-पॅलेस. चेल्सीचा जुआंव पेद्रो साडेसातला. त्याला नव्वद मिनिटं मिळतात की साठ, एवढंच बघा. पेनल्टी पामरची, हे धरून चाला. मग रात्री नऊला युनायटेड-अर्सेनल. ग्योकेरेसचे पोर्तुगालच्या लीगमध्ये ३९ गोल आहेत, पण त्यात पेनल्ट्या बऱ्याच, आणि अर्सेनलमध्ये पेनल्टी साकाची. म्ब्यूमोने मागच्या वर्षी ब्रेंटफर्डसाठी २० गोल केले, तिथेही पेनल्ट्या त्याच्याच. युनायटेडमध्ये ब्रुनो असताना त्याच्या हाती चेंडू कोण देणार? दोघेही चांगले आहेत. दोघांसाठी आठवडाभर थांबलात तर काही बिघडत नाही.

नवा नियम. बचाव करणाऱ्याने टॅकल, इंटरसेप्शन, ब्लॉक आणि क्लिअरन्स मिळून दहा केले तर दोन गुण. मिडफिल्डर आणि फॉरवर्डला बारा लागतात, त्यात परत मिळवलेले चेंडूही धरतात. म्हणजे ज्या संघाच्या गोलवर सतत मारा होतो, त्याचा स्वस्तातला सेंटरबॅक आता कामाचा. साडेचारचा, पूर्ण नव्वद मिनिटं खेळणारा शोधा. क्लीन शीट गेली, म्हणजे संघाने गोल खाल्ला, तरी त्याचा आठवडा वाया जात नाही.

कॅप्टन कोण? सलाह. रविवारी वेम्बलीत शूटआउटमध्ये पेनल्टी हुकवली त्याने, म्हणून पन्नास जणांनी मला हालांडचं नाव सांगितलं. मोसमाच्या सलामीच्या सामन्यांत लीगमध्ये सर्वाधिक गोल कोणाचे? सलाहचे, नऊ. हो, मी गोल बघू नका म्हणालो होतो, आलं लक्षात. मग बोर्नमथकडे बघा : हुइसन रियल माद्रिदला विकला, झाबार्नी कालच पॅरिसला गेला, आणि डावा बॅक केरकेझ शुक्रवारी सलाहच्याच संघातून खेळेल. चौघांच्या बचावफळीतले तिघे गेलेत. उरलेल्या प्रश्नांना बाहेर चहाच्या टेबलावर घेतो. डॉक्टर, तुम्ही सगळ्यात शेवटी.