चौदा महिन्यांचं भाडं

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका अशा नटाबद्दल बोलू, जो चाळिशी उलटल्यावर आठ वर्षांचा पोर झाला आणि पुढे दोन दशकं पोरच राहिला. मेक्सिकोचा रोबेर्तो गोमेझ बोलान्योस. जन्म १९२९चा, मेक्सिको सिटीतला. गडी इंजिनिअरिंग शिकायला गेला, पदवी काही घेतली नाही. जाहिरात कंपनीत लागला आणि तिथून रेडिओ-टीव्हीसाठी लिहू लागला. त्याच्या लेखणीवर खूश होऊन एका दिग्दर्शकानं त्याला ‘छोटा शेक्सपिअर’ म्हटलं. त्याचंच मेक्सिकन बोलीतलं रूप, चेस्पिरितो, हे त्याचं नाव होऊन बसलं.

आधी लेखक, मग नट, हे ध्यानात ठेवायला हवं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका स्किटमध्ये ‘एल चावो’, म्हणजे ‘पोरगा’, हे त्याचं पात्र आलं. १९७३ साली त्याची स्वतंत्र मालिका झाली. सेट म्हणजे आपल्या वाड्यासारखी एक गरिबांची वस्ती: मधे चौक, भोवती बिऱ्हाडं, चौकात एक रिकामं लाकडी पिंप. अनाथ चावो त्या पिंपात लपतो आणि हॅमच्या सँडविचची स्वप्नं बघतो. घाबरला की जागच्या जागी वाकून ताठ होतो. तोंडावर पाणी मारल्याशिवाय भानावर येत नाही.

शेजारचा ‘दोन रामोन’, म्हणजे आपल्याकडचा रामोनराव म्हणा, चौदा महिन्यांचं भाडं थकवून बसलेला. वर्षं गेली तरी थकबाकी चौदाच महिन्यांची! घरमालक दारात आला रे आला की चावोचा फटका किंवा चेंडू त्यालाच बसणार. प्रेक्षकाला पुढचं सगळं ठाऊक असतं, तरी तो हसतो. तेच ते पुन्हा लिहायचं आणि शिळं होऊ द्यायचं नाही, हे येरागबाळ्याचं काम नोहे.

पण मला विचाराल तर त्याची खरी ताकद दिसते मालिकेच्या त्या भागांत, जे समुद्रकाठच्या अकापुल्को शहरात घडतात. सगळी वस्ती समुद्रावर सुट्टीला निघते, चावो एकटाच मागे राहतो. शेवटी ज्याला तो रोज फटके देतो, तोच घरमालक त्याला सोबत घेऊन जातो. इथे भाषणबाजी नाही, हुंदके नाहीत. लगेच पुढचा विनोद सुरू.

पडद्यामागे मात्र एवढा सलोखा नव्हता. शेजारच्या लाडावलेल्या, गाल फुगवणाऱ्या पोराचं, कीकोचं, काम करणारा कार्लोस विय्याग्रान मालिका सोडून गेला. पात्र कोणाचं, लिहिणाऱ्याचं की साकारणाऱ्याचं, यावरून त्याचं आणि बोलान्योसचं फाटलं. विय्याग्रान व्हेनेझुएलात गेला, नावाचं स्पेलिंग बदललं आणि तोच कीको करत राहिला. मला दोघांचीही बाजू पटते. गाल फुगवायचे ते विय्याग्राननंच!

चावोची स्किट्स १९९२पर्यंत चालली. ब्राझीलमध्ये तर पोर्तुगीज डबिंगमुळे तो तिथलाच होऊन गेला. बोलान्योस २०१४च्या नोव्हेंबरमध्ये कान्कूनला वारला, तेव्हा मेक्सिको सिटीतलं अझ्तेका स्टेडियम त्याच्या अंत्यदर्शनासाठी उघडावं लागलं. लहान पोरं आली होती चावोच्या टोपीत, कान झाकणारी, चौकड्यांची.