मृगाचा वारा वाटेत मोजतं कोण?

मंडळी, रावेरला केळीच्या बागा वादळानं आडव्या झाल्या की आपण आपल्याच आभाळाकडे बघतो, पण आज मला लांबचा वारा सांगायचाय. आपला मोसमी वारा निघतो दक्षिण गोलार्धातून, मादागास्करच्या बाजूनं, विषुववृत्त ओलांडतो, केनिया-सोमालियाच्या कडेनं वळतो आणि अरबी समुद्रावरचं बाष्प घेत इकडे येतो. म्हंजे मृगात कोरडवाहू कापूस लावायचा का आठ दिवस थांबायचं, हे बरंचसं परक्यांच्या आभाळात ठरतं.

आता हे नीट ऐका. युरोपात हवेचा दाब मोजला की वारा कुठून, किती, हे बऱ्यापैकी काढता येतं, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारा समदाब रेषांना, म्हंजे सारख्या दाबाच्या जागा जोडणाऱ्या रेषांना, धरून वाहतो. विषुववृत्ताजवळ तो परिणाम जवळजवळ संपतो आणि दाबातला फरकपण एवढासा. मग गणितानं वारा निघत नाही, यंत्र बांधलेला फुगा आभाळात सोडून मोजायलाच लागतो. आणि तिथं बहुतेक समुद्रच, फुगा सोडणार कुठून?

म्हणून 1974 च्या जून ते सप्टेंबरात देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलच्या डकारला तळ ठोकून विषुववृत्ताजवळच्या अटलांटिकवर चाळीसेक जहाजं उतरवली. शीतयुद्ध चालू, तरी अमेरिकन आणि सोव्हिएत जहाजं एकाच कामाला. मला त्यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे की जहाजं जवळ आणून सगळ्यांची यंत्रं एकमेकांशी ताडून पाहिली. तुमच्या काट्यावरचा क्विंटल आणि व्यापाऱ्याच्या काट्यावरचा क्विंटल वेगळा असेल तर केळीचा सौदा होईल का भाऊ? 1979 ला मॉनेक्स नावाची मोहीम झाली, तेव्हा असंच काम आपल्या मान्सूनसाठी झालं.

मग मेघा-ट्रॉपिक्स, भारत आणि फ्रान्सचा उपग्रह, 12 ऑक्टोबर 2011 ला श्रीहरिकोट्याहून गेला. ध्रुवावरून फिरणारा उपग्रह एका जागेवरून दिवसात साधारण दोनदा जातो, आणि आपला ढग तीनला वाढतो नि सहाला कोसळतो, तो त्याला सापडत नाही. ह्याची कक्षा विषुववृत्ताला फक्त 20 अंश तिरपी, त्यामुळे तोच पट्टा दिवसातून अनेकदा दिसायचा. जळगाव 21 अंशावर, पण त्याची नजर रुंद, आपण त्यात यायचो. त्यातलं एक मोठं यंत्र 2013 लाच बंद पडलं, फार वाईट वाटलं होतं. बाष्प मोजणारं साफीर मात्र पुढं कितीतरी वर्षं चाललं, त्याचे आकडे युरोपातल्या अंदाज केंद्रानं पण वापरले. मार्च 2023 ला उपग्रह पॅसिफिकवर पाडला.

फुगे अजून सुटतात. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, तेव्हा केनियात रात्रीचे तीन, जगभर एकच वेळ. ते आकडे आपल्याला मिळतात, आपले त्यांना जातात. पण आफ्रिकेत ही केंद्रं विरळ आहेत, पैशाअभावी फुगे चुकतात, आणि ती फट नेमकी आपल्या वाऱ्याच्या वाटेवर पडते. भारतानं तिथं फुगे नि यंत्रं पुरवावीत असं मला मनापासून वाटतं. खासदार गावात आले की रस्त्याचं विचारता ना, तेव्हा हेपण विचारा.