बाग डोंगरापलीकडे, वायनरी अलीकडे

शातो म्युझार या लेबनॉनमधल्या वायनरीचा, म्हणजे वाइन बनवणाऱ्या घराण्याच्या कारखान्याचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी लेबनॉनचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला भूमध्य समुद्र, किनाऱ्याला समांतर लेबनॉन पर्वत आणि त्यापलीकडे सुमारे 1000 मीटर उंचीवर बेका खोरं. द्राक्षबागा त्या खोऱ्यात. वायनरी मात्र डोंगराच्या अलीकडे, बैरूतच्या उत्तरेला घझीर गावी. गास्तों होशार यांनी 1930 मध्ये ती सुरू केली तेव्हा देश फ्रेंच अंमलाखाली होता. बेका पुढे लेबनॉनमध्ये राहील की सीरियात जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून वायनरी किनाऱ्याच्या बाजूला ठेवली, असं सांगतात. या एका निर्णयाची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

गास्तोंचा थोरला मुलगा सर्ज फ्रान्समध्ये बोर्दोला वाइनशास्त्र शिकला आणि 1959 पासून वाइन त्याच्या हाती आली. धाकटा रोनाल्ड हिशेब आणि विक्री पाहू लागला. सर्जने आपली पद्धत पक्की करायला जवळजवळ 18 वर्षं घेतली. ही पद्धत जरा तपशिलात पाहू, कारण घराण्याचं सगळं अर्थकारण तिच्यावर उभं आहे.

लाल वाइनसाठी तीन वाण: काबर्ने सोव्हिन्यों, सँसो आणि कारिन्यां. काबर्नेतून कणा आणि तुरटपणा मिळतो, कारिन्यांतून रंग आणि भरीवपणा, सँसोतून सुगंध आणि मऊपणा. तिन्ही वाण सिमेंटच्या टाक्यांत वेगवेगळे आंबवतात. बाहेरचं यीस्ट घालत नाहीत. सालीवर असतं तेच काम करतं. तापमान 30 अंशांच्या खाली ठेवतात. मग साधारण वर्षभर फ्रेंच ओकच्या पिंपात. मिश्रण तिसऱ्या वर्षी, त्यानंतर बाटल्या भरायच्या आणि त्या तळघरात आडव्या ठेवायच्या. काढणीपासून सातव्या वर्षी बाटली विक्रीला येते. म्हणजे कुठल्याही दिवशी सहा-सात हंगामांचा पैसा तळघरात अडकलेला असतो. धंद्याच्या दृष्टीने हे ओझंच. पण युद्धात त्याच साठ्याने घर तारलं, असं माझं मत आहे.

1975 ते 1990 यादवी युद्ध चाललं. 1976 ला वाइन झालीच नाही. 1984 चा हंगाम जास्त बोलका आहे. एरवी काही तासांत डोंगर ओलांडणारे ट्रक रस्ते बंद झाल्यामुळे वळसे घेत कित्येक दिवसांनी पोचले, काही माल तर समुद्रमार्गे आणावा लागला. तोवर द्राक्षं ट्रकमध्येच आंबू लागली होती.

द्राक्षबागायतदाराला यात काय बिघडतं ते लगेच कळेल. वरच्या घडांच्या वजनाने तळाचे मणी फुटतात. रस साचतो, सालीवरचं यीस्ट त्यात कामाला लागतं आणि आंबण्याची स्वतःची उष्णता ढिगात कोंडते. तापमान 35 अंशांच्या वर गेलं की यीस्ट मरू लागतं, साखर अर्धवट उरते आणि त्या साखरेवर जिवाणू बसतात. उघड्या पृष्ठभागावर हवा लागते, तिथे मद्यार्काचं व्हिनेगर होतं. देठ-पानांचा कडवटपणा उतरतो तो वेगळाच. टाकीत यातलं प्रत्येक संकट थंड करून, हवा रोखून आवरता येतं. ट्रकमध्ये काहीच हातात नसतं. त्या वर्षाची वाइन नेहमीसारखी बाजारात आली नाही.

व्हिनेगरचा विषय निघालाच आहे, तर म्युझारवरचा जुना आक्षेपही सांगतो. वाइन टिकवण्यासाठी घालतात ते गंधक कमी वापरल्याने या वाइनमध्ये बाष्पशील आम्ल, म्हणजे मुख्यतः व्हिनेगरमधलंच आम्ल, जास्त राहतं. युरोपात लाल वाइनला लिटरमागे 1.2 ग्रॅमची मर्यादा आहे आणि त्याच्या बऱ्याच खाली असतानाच नाकाला ते जाणवू लागतं. काही जाणकार याला सरळ दोष म्हणतात. मला तसं वाटत नाही. फळ पुरेसं दाट असेल तर थोडं आम्ल सुगंध वर उचलतं. मात्र त्यामुळे बाटली-बाटलीत फरक पडतो, हेही खरं.

देशातलं गिऱ्हाईक युद्धाने तुटल्यावर होशार परदेशी बाजाराकडे वळले. 1979 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या वाइन मेळ्यात नामवंत ब्रिटिश वाइन जाणकार मायकल ब्रॉडबेंट यांनी म्युझारची मोठी वाखाणणी केली आणि ब्रिटनचं दार उघडलं. 1984 मध्येच, म्हणजे ट्रकमध्ये द्राक्षं नासली त्याच वर्षी, डिकँटर या ब्रिटिश वाइन मासिकाने सर्ज यांना वर्षातली व्यक्ती म्हणून गौरवलं.

31 डिसेंबर 2014 ला सर्ज गेले. तिसऱ्या वर्षी मिश्रण करण्याचा नियम इथे पुन्हा समोर येतो. 2013 आणि 2014 च्या काढणीची वाइन अजून मिश्रणापर्यंत आलेली नव्हती. कुठल्या टाकीतला सँसो किती घ्यायचा, काबर्नेला किती थोपवायचं, हे त्या वर्षांसाठी त्यांच्याशिवाय ठरलं. कारभार आता तिसऱ्या पिढीकडे आहे, त्यात थोरल्याचं नाव आजोबांचंच, गास्तों. द्राक्षं अजूनही बेकातून डोंगर ओलांडून घझीरला येतात.